दोन पंप, एक पाइप

शाळेत काळ-काम-वेगाची गणितं होती, आठवतंय? एक नळ हौद चार तासांत भरतो, दुसरा नळही चार तासांत भरतो, दोन्ही एकदम सोडले तर हौद किती वेळात भरेल? उत्तर दोन तास. मार्क दोन. या गणितावर माझा इतका विश्वास होता की वयाच्या पस्तिशीपर्यंत त्यावर शंका घ्यावी असं कधी वाटलंच नाही. शंका घ्यायला लावली ती आमच्या सोसायटीच्या टाकीने.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. खालच्या टाकीत टँकरचं पाणी असायचं, पण गच्चीवरची टाकी वेळेत भरायची नाही. सकाळी सातला सातव्या मजल्यावरून फोनाफोनी सुरू. मग मीटिंग झाली, चहा-बिस्किटं झाली आणि सेक्रेटरी काकांनी तोडगा काढला: आहे त्याच कंपनीचा, त्याच ताकदीचा, तीन हॉर्सपॉवरचा दुसरा पंप शेजारी बसवायचा. "दोन पंप, निम्मा वेळ!" काका बँकेतून रिटायर झालेत, त्यामुळे हिशोबाच्या बाबतीत त्यांना कोणी उलटं बोलत नाही. ठराव पास झाला.

पंप बसला, नारळ फुटला, दोन्ही बटणं दाबली. वीस हजार लिटरची टाकी एका पंपाने भरायला १०० मिनिटं लागायची. दोन पंपांनी लागली ८२ मिनिटं.

पन्नास नाही, बरं का. ब्याऐंशी!

प्लंबर म्हणाला, नवा पंप खराब आहे. दुकानदार म्हणाला, जुना पंप खराब आहे. एकेकटा चालवून बघितला तर दोन्ही अगदी ठणठणीत, प्रत्येकी ताशी १२ हजार लिटर. एकत्र लावले की मात्र दोघांत मिळून ताशी साडेचौदा हजार. म्हणजे प्रत्येकी सव्वासात हजारच. आणि विजेचं मीटर साधारण दीडपटीने धावत होतं. (जोड्यांनी काम करणारी माणसं आठवली. असो.) काका म्हणाले, मग तिसरा पंप लावू या का? कोटेशनही आलं.

मी त्या शनिवारी प्लंबरकडून एक प्रेशर गेज मागून आणलं आणि दोन्ही पंपांच्या पुढे, जिथे दोघांचं पाणी एका पाइपात शिरतं, तिथे लावायला सांगितलं. एक पंप चालू असताना काटा ३.८ किलोवर. दोन चालू केले तर ४.४ वर. म्हणजे जास्त पाणी जाण्याऐवजी जास्त दाब तयार होत होता.

कारण ऐकलं की सोपं वाटतं. खालच्या टाकीपासून गच्चीपर्यंत उंची साधारण २५ मीटर. एक किलो दाब म्हणजे ढोबळमानाने १० मीटर उंचीचं पाणी. तेव्हा नुसतं पाणी वर उचलायला अडीच किलो पुरे. मग वरचे १.३ किलो कुठे जातात? पाइपात. पाण्याच्या आणि पाइपाच्या भिंतीच्या घासाघाशीत. ही घासाघाशी प्रवाहाच्या साधारण वर्गाच्या प्रमाणात वाढते: पाणी दुप्पट करायचं तर घर्षण चौपट. आमची लाइन दोन इंची जीआयची, बिल्डिंगइतकीच जुनी आणि बोअरच्या क्षारांनी आतून बुजत आलेली. त्यातून दुप्पट पाणी न्यायचं तर १.३ च्या जागी ५.२ किलो लागले असते, अधिक उंचीचे अडीच. एवढा जोर आमच्या पंपात नाही. घरगुती पंपाचा स्वभाव असा की पुढे अडथळा वाढला, की तो पाणी कमी देतो आणि दाब थोडा जास्त देतो. दोघे पंप आणि एक पाइप अशी तिघांची तडजोड जिथे होते, तिथे काटा थांबतो. आमची तडजोड साडेचौदा हजारांवर झाली.

शाळेतल्या गणितात नळ हौदात वेगवेगळे पडायचे. आमचे दोन नळ एकाच नळीतून पडत होते. फरक एवढाच, पण कोणी सांगितला नव्हता.

हे सगळं मी माझ्या कॉलेजच्या मित्राला फोनवर सांगत होतो. तो बरीच वर्षं पर्थला आहे, ऑस्ट्रेलियात. तो हसला आणि म्हणाला, "अरे, आमच्या इथे या गणितावर एक अख्खं सरकार टांगणीला लागलं होतं." आणि त्याने एका जुन्या पंपिंग स्टेशनचे फोटो पाठवले. कंडर्डिन नावाचं गाव आहे, तिथे आता म्युझियम आहे. त्यानंतरचे तीन वीकेंड माझे त्यातच गेले.

गोष्ट अशी. १८९२ साली पश्चिम ऑस्ट्रेलियात कूलगार्डी इथे सोनं सापडलं आणि १८९३ साली पुढे कालगुर्लीला. जगभरातून माणसं आली. सोनं होतं, पाणी नव्हतं. नदी नाही, तळं नाही, जमिनीतलं पाणी खारं. लाकडं जाळून खारं पाणी उकळायचं, वाफ थंड करायची आणि ते गॅलनवर विकायचं, असा धंदा चालायचा. अस्वच्छतेने टायफॉइड पसरला. माणसं सोन्यावर बसून मरत होती म्हणा ना.

वसाहतीचा मुख्य इंजिनिअर होता चार्ल्स येल्व्हर्टन ओ'कॉनर. जन्म १८४३, आयर्लंडचा. बरीच वर्षं न्यूझीलंडमध्ये काम करून १८९१ साली इथे आला होता आणि फ्रीमँटलचं बंदर त्याने बांधलं. त्याने सुचवलं, की पर्थजवळच्या डोंगरात मंडेरिंगला हेलेना नदीवर धरण बांधू आणि तिथून पाइपाने पाणी कालगुर्लीला नेऊ. अंतर सुमारे ५३० किलोमीटर, आणि तेही चढावर. दिवसाला ५० लाख गॅलन, म्हणजे सुमारे २ कोटी २७ लाख लिटर. पुणे-मुंबई अंतराच्या तिपटीहून जास्त लांब पाइप, वाळवंटातून, वाफेच्या इंजिनांच्या जोरावर, एकोणिसाव्या शतकात! पंतप्रधान जॉन फॉरेस्ट (तेव्हा वसाहतीच्या प्रमुखाला प्रीमिअर म्हणत) पाठीशी उभा राहिला आणि १८९६ साली २५ लाख पौंडांच्या कर्जाचा कायदा झाला.

आता इथे आमच्या सेक्रेटरी काकांना बसवून बघा. ५३० किलोमीटर? लावा मोठमोठे पंप मंडेरिंगला, दहा लावा, वीस लावा! आणि खरंच वीसच लागले. फक्त ते कुठे लावायचे, यातच सगळं शहाणपण होतं.

मी ढोबळ हिशोब करून बघितला. पाइप ३० इंची, म्हणजे ७६ सेंटिमीटर. दिवसाला २ कोटी २७ लाख लिटर न्यायचे तर पाण्याचा वेग येतो सेकंदाला साठ सेंटिमीटरहूनही थोडा कमी. आपण रमतगमत चालतो त्याच्या निम्म्याने. मंडेरिंगला पाइपात शिरलेला थेंब न थांबता गेला तरी कालगुर्लीला पोचायला दहाएक दिवस. इतकं हळू पाणी, तरीसुद्धा ५३० किलोमीटरची घासाघाशी जमवली तर पाइप आतून किती खडबडीत आहे त्यानुसार २०० ते ३५० मीटर उंचीएवढा जोर नुसता घर्षणातच जातो. चढाव आहे तो वेगळाच, तोही तीनशे मीटरच्या वर.

हिशोबापुरतं चढाव ३५० आणि घर्षण २५० मीटर धरू. एकूण ६००. आता समजा कोणी म्हणालं की पाणी दुप्पट करा, शेजारी तेवढेच पंप आणखी लावा. चढाव ३५० तसाच राहील, पण घर्षण होईल १०००. एकूण १३५० मीटर. म्हणजे दुप्पट पाणी, सव्वादोनपट जोर, आणि दोन्हींचा गुणाकार केला की साडेचारपट वाफ, साडेचारपट लाकूड. पंप शेजारी शेजारी मांडून ही मजल गाठता येत नाही. शिवाय एवढा दाब एकाच ठिकाणी दिला तर मंडेरिंगपाशीच पाइप फाटेल.

ओ'कॉनरच्या योजनेत म्हणून आठ पंपिंग स्टेशनं होती, एकामागून एक. प्रत्येक स्टेशन पाणी पुढच्या स्टेशनच्या टाकीपर्यंत ढकलणार, तिथून पुढचं स्टेशन उचलणार. जोर वाटून घ्यायचा. (आपल्याकडे विहिरीवर माणसं रांगेने उभी राहून कळशी हातोहात द्यायची, तसं. सगळ्यांनी मिळून एकच कळशी ओढण्यात अर्थ नसतो.) पहिली दोन स्टेशनं तर जवळजवळ लागूनच होती, धरणाच्या दरीतून पाणी वर काढायला.

आणि आता मला सगळ्यात आवडलेली गोष्ट. लंडनच्या जेम्स सिम्प्सन कंपनीकडून आलेले ते वीस वाफेचे पंप सगळीकडे सारखे वाटलेले नव्हते. पहिल्या चार स्टेशनांवर तीन-तीन, पुढच्या चार स्टेशनांवर दोन-दोन. पहिल्या चारांत दोन पंप एकदम शेजारी शेजारी चालायचे, तिसरा राखीव. पुढच्या चारांत एकच चालायचा, दुसरा राखीव. पाणी सगळीकडून तेवढंच जाणार, पण पहिल्या चार टप्प्यांत जोर जास्त लागायचा, म्हणून तिथे एका पंपाने निम्मंच पाणी पण जास्त जोराने ढकलायचं आणि उरलेलं निम्मं शेजाऱ्याने. पुढे टप्पे हलके, तिथे एकच पंप सगळं पाणी पेलायचा. म्हणजे शेजारी शेजारी पंप लावायला ओ'कॉनरचीही ना नव्हती. मात्र किती पाणी न्यायचं हे आधी पाइपाकडे बघून ठरवलं आणि त्या आकड्याची वाटणी पंपांमध्ये केली. आम्ही पंप आधी आणले आणि आकड्याची वाट बघत बसलो.

इथे एक बारीक खोच आहे. ते पंप आमच्यासारखे फिरत्या पात्याचे नव्हते. वाफेच्या जोराने दट्ट्या पुढेमागे व्हायचा आणि दर फेरीला ठरलेलं पाणी ढकलायचा. असे दोन पंप शेजारी लावले तर पाणी खरोखर दुप्पट होतं, शाळेतल्या गणितासारखं! फक्त तेवढा दाब द्यायची ताकद वाफेत असेपर्यंत आणि तो सोसायची ताकद पाइपात असेपर्यंत. त्यानंतर दट्ट्या मंदावतो, नाहीतर काहीतरी फुटतं. आमचा पंप मुकाट्याने पाणी कमी देतो, तो पंप भांडून हरतो. हद्द दोघांचीही पाइपच ठरवतो.

त्यामुळे सगळ्यात महत्त्वाचा निर्णय पंपाचा नव्हताच. घर्षण पाइपाच्या आतल्या खडबडीतपणावर अवलंबून असतं हे फ्रान्सच्या हेन्री डार्सीने १८५७ साली प्रयोगांनी दाखवलं होतं. पण नव्या कोऱ्या, इतक्या लांब स्टीलच्या पाइपाचं घर्षण नेमकं किती धरायचं? ते जरा चुकलं तर आठ स्टेशनं पुरणार नाहीत, आणि मग २५ लाख पौंड वाळूत. १८९७ साली लंडनमध्ये कारुदर्स, डीकन आणि प्राध्यापक अन्विन अशा तिघा नावाजलेल्या इंजिनिअरांची समिती बसली होती, त्यांनी ही सगळी योजना तपासली. त्या काळी स्टीलचे मोठे पाइप रिव्हेट मारून करायचे. रिव्हेटची डोकी आत डोकावणार, म्हणजे घर्षण, आणि शिवाय गळती. यावर उत्तर मिळालं मेफन फर्ग्युसन या ऑस्ट्रेलियन कारखानदाराकडे (आपल्या कॉलेजशी काही संबंध नाही :-) ). दोन अर्धगोल पत्रे घ्यायचे, दोन्ही बाजूंच्या कडा एका खाचेच्या पट्टीत घालायच्या आणि पट्टी दाबून बंद करायची. लॉकबार पाइप. उभ्या सांध्यावर एकही रिव्हेट नाही. असे सुमारे ६० हजार पाइप लागले, प्रत्येकी २८ फुटांचे.

या वेळेपर्यंत राजकारण बदललं होतं. १९०१ साली ऑस्ट्रेलियाचं संघराज्य झालं, फॉरेस्ट केंद्रात मंत्री होऊन गेला आणि ओ'कॉनर एकटा पडला. पर्थच्या 'संडे टाइम्स'ने त्याच्यावर भ्रष्टाचाराचे जाहीर आरोप केले. पाइपांचे सांधे शिशाने भरायच्या कंत्राटावरून वाद झाला, चौकशी आयोग नेमला गेला. पाणी चढणारच नाही असं म्हणणारे तर सुरुवातीपासूनच होते. १० मार्च १९०२ च्या सकाळी ओ'कॉनर नेहमीसारखा घोड्यावरून फ्रीमँटलच्या दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर गेला, घोडा पाण्यात घातला आणि त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली. तेव्हा तो ५९ वर्षांचा होता. मागे ठेवलेल्या चिठ्ठीत त्याने लिहिलं होतं की योजना ठीक आहे आणि संधी मिळाली असती तर आपण ती पुरी केली असती. आणि खाली धरणाच्या बाजूच्या भिंतींचं काम लगेच करून घ्या अशी सूचना. हे वाचल्यावर मी लॅपटॉप मिटवून बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. मरताना माणूस कामाचं हँडओव्हर देतोय.

मित्राने आधी मला जी गोष्ट सांगितली होती ती अशी, की पंप सुरू केले, पाणी आलंच नाही, म्हणून त्याने जीव दिला आणि नंतर थोड्याच वेळात पाणी आलं. ही दंतकथा तिकडे बऱ्याच जणांना खरी वाटते. तारखा बघितल्या तर ती टिकत नाही. तो गेला तेव्हा लाइन पुरी व्हायची होती. पाणी कूलगार्डीला पोचलं डिसेंबर १९०२ मध्ये, आणि २४ जानेवारी १९०३ ला फॉरेस्टने कालगुर्लीत योजनेचं उद्घाटन केलं. त्याचा हिशोब चुकला नव्हता. आरोपांतलंही त्याच्यावर काही शाबीत झालं नाही. दंतकथा मात्र नाट्यमय असते म्हणून टिकते, आणि तिच्यात बिचाऱ्याचं गणित कायमचं संशयात राहतं, याचा मला खरा राग येतो.

पुढचा इतिहासही पाइपाचाच आहे. खाऱ्या जमिनीत पुरलेला पाइप बाहेरून गंजला, आतूनही गंजाचे फोड आले. (आमच्या जीआय लाइनची थोरली बहीण!) १९३० च्या दशकात तो उकरून जमिनीच्या वर घेतला आणि आतून सिमेंटचा थर दिला. वाटेतल्या गव्हाच्या पट्ट्यालाही पाणी हवं झालं, १९५१ साली मंडेरिंग धरणाची उंची वाढवली, वाफ जाऊन वीज आली. पाणी वाढवायची वेळ आली तेव्हा वाटेत मध्ये मध्ये नवीन स्टेशनं घातली गेली. आठाची संख्या आता दुपटीहून जास्त झाली आहे. लाइन आजही चालू आहे. फ्रीमँटलच्या त्या किनाऱ्याला ओ'कॉनरचं नाव आहे आणि तिथे समुद्रात, पाण्यातच, घोड्यावरच्या स्वाराचा एक पुतळा उभा आहे. मित्राने त्याचाही फोटो पाठवला. भरतीच्या वेळचा.

आता परत सोसायटीत येऊ. पुढच्या मीटिंगला मी एका कागदावर दोन आलेख काढून नेले. ते कोणी बघितले नाहीत. पण ओ'कॉनरची गोष्ट सगळ्यांनी ऐकली, अगदी चहा गार होईपर्यंत. आमच्या एका टेस्टिंगवाल्या शेजाऱ्याने तर "हे आमच्या मॅनेजरला पाठवतो, दर आठवड्याला दोन माणसं वाढवतोय प्रोजेक्टवर" असंही म्हणून घेतलं. तिसऱ्या पंपाचं कोटेशन बाजूला ठेवलं गेलं आणि त्या पैशात थोडी भर घालून गच्चीपर्यंतची जुनी लाइन काढून अडीच इंची नवीन टाकायचं ठरलं. सेक्रेटरी काकांनी विरोध केला नाही, पण "बघू" म्हणाले. बँकेतला "बघू".

लाइन बदलली त्या रविवारी काका स्वतः घड्याळ घेऊन गच्चीवर बसले. खाली मी आणि वॉचमन मामा. एकच पंप लावला, जुना. टाकी भरली ७४ मिनिटांत, म्हणजे आधी दोन पंपांनी लागायची त्यापेक्षाही लवकर. मग संध्याकाळी दोन्ही लावून बघितले: ४७. काकांनी ते वहीत लिहून घेतलं आणि वरून ओरडून विचारलं, "अरे, पण हे तर निम्म्यापेक्षा जास्तच आहे ना? ७४ चं निम्मं ३७!"